परतीच्या वाटेचीं टिपणें

उतरंड ही वस्तु आपल्या घरांतून आतां जवळजवळ नाहींशी झाली आहे. तळाशीं मोठा डेरा, त्यावर मडकें, त्यावर त्याहून लहान मडकें आणि अगदीं वर एखादें बोळकें, अशी ती माजघराच्या कोपऱ्यांत उभी असे. तिच्यांत कडधान्यें असत, बियाणें असे, आणि घरधनिणीनें गांठीला मारलेले चार पैसेहि असत. आज हा शब्द बहुधा समाजशास्त्रावरील लेखांत, जातींच्या संदर्भांत, तेवढा भेटतो. परंतु उतरंडीचा जो मूळ नियम, कीं जें भांडें शेवटीं ठेवलें तें आधीं उतरावें आणि मधल्याला हात घालूं नये, तो मात्र मेलेला नाहीं. खिशांतील दूरध्वनीपासून बँकेच्या हिशेबापर्यंत जेथें जेथें संगणक चालतो, तेथें तेथें क्षणोक्षणीं एक उतरंड रचली जात असते आणि उतरली जात असते. मी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवितों. इंग्रजी पुस्तकांतला ‘स्टॅक’ हा शब्द मुलांपुढें ठेवतांना मी दरवर्षीं फळ्यावर उतरंडीचें चित्र काढतों. आणि दरवर्षीं ‘सर, हें काय आहे?’ असें विचारणाऱ्या मुलांची संख्या वाढत जाते.

या कल्पनेला निरनिराळ्या लोकांनीं दिलेलीं नांवें मोठीं बोलकीं आहेत. ॲलन ट्यूरिंग यानें १९४६ सालीं इंग्लंडांतील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपुढें ठेवलेल्या यंत्राच्या आराखड्यांत, एका कामांतून दुसऱ्या कामांत शिरतांना परतीचा पत्ता ‘पुरून’ ठेवावा आणि परततांना तो ‘उकरून’ काढावा, अशी भाषा वापरली आहे. जर्मनींत फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेलझोन या दोघांनीं १९५७ सालीं याच तत्त्वाच्या पेटंटसाठीं अर्ज केला. त्यांनीं त्याला ‘केलर’ म्हणजे तळघर म्हटलें. कोणी पुरतो, कोणी तळघरांत ठेवतो, आपण उतरंडींत ठेवतों. पण जपून ठेवावयाची वस्तु सर्वत्र एकच, आणि ती म्हणजे परत कोठें जावयाचें त्याचा पत्ता.

ज्या वाचकांचा या शास्त्राशीं संबंध आलेला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकाची आज्ञावली ही अनेक लहान कार्यांची बनलेली असते. एक कार्य दुसऱ्याला हांक मारतें, दुसरें तिसऱ्याला. हांक मारतांना ‘काम झालें कीं या ओळीवर परत यावें’ असा पत्ता उतरंडीच्या माथ्यावर ठेवला जातो. बोलावलेलें कार्य त्यावर आपलें सामान मांडतें. जीं रजिस्टरें त्याला वापरावयाचीं असतील त्यांत दुसऱ्याची कांहीं ठेव असते, ती तें आधीं बाजूला जपून ठेवतें; खरडकामासाठीं थोडी जागा राखतें; आणि निघतांना सारें आवरून, पाहुण्यानें यजमानाचें घर जसेंच्या तसें सोडावें तसें, परतीच्या पत्त्यावर जातें. म्हणजे कोणत्याहि क्षणीं पाहिलें तरी त्या उतरंडींत एक संपूर्ण वंशावळ सांठविलेली असते : कोणी कोणाला बोलावलें, त्याला कोणी, आणि त्याच्याहि आधीं कोणी. ही वंशावळ माथ्यापासून तळापर्यंत वाचीत जाणें, याला इंग्रजींत ‘अनवाइंडिंग’ म्हणतात. आपण उलगडणें म्हणूं.

उलगडण्याची गरज तीन प्रसंगीं पडते. आज्ञावली अकस्मात् कोसळली तर तिच्या मृत्यूचा पंचनामा करावा लागतो, आणि त्यांत पहिला प्रश्न हा असतो कीं, मरणारा त्या जागीं आला कसा? दुसरा प्रसंग असा कीं, सी-प्लस-प्लससारख्या भाषांत एखादें संकट उद्भवलें म्हणजे तें ज्याला निस्तरतां येईल अशा पूर्वजाचा शोध घेत मधल्या साऱ्यांना मागें टाकून परत जावें लागतें, आणि जातांना ज्याची त्याची रजिस्टरांतील ठेव ज्याला त्याला पोंचती करावी लागते. तिसरा प्रसंग शांततेच्या काळचा. कोणत्या कामांत किती वेळ खर्च होतो हें मोजणारीं साधनें चालत्या आज्ञावलीला सेकंदांतून शेंकडों वेळां थांबवितात आणि प्रत्येक वेळीं तिला तिची वंशावळ विचारतात.

अडचण ही कीं, या उतरंडींतील भांड्यांवर चिठ्ठ्या चिकटविलेल्या नसतात. आंत आहेत ते केवळ आंकडे. त्यांतला कोणता परतीचा पत्ता, कोणती दुसऱ्याची ठेव आणि कोणता निव्वळ केरकचरा, हें आंकड्याकडे पाहून कळत नाहीं. म्हणून आज्ञावलीच्या शेजारीं एक वेगळी वही ठेवावी लागते. ‘अमुक ओळीवर असतांना परतीचा पत्ता माथ्यापासून अमुक अंतरावर आहे, अमुक रजिस्टराची ठेव अमुक जागीं आहे,’ अशीं टिपणें तींत असतात. ही वही कशी लिहावी याचा जो संकेत आज पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे, त्याचें नांव ‘ड्वार्फ’; त्याची दुसरी आवृत्ति १९९३ सालीं व पांचवी २०१७ सालीं निघाली. ज्या फायलींत ही वही बांधली जाते त्या फायलीच्या जातीचें नांव ‘एल्फ’ असल्यामुळें परीकथांतील एल्फच्या शेजारीं ड्वार्फ आणून बसविण्याचा मोह त्या मंडळींना आवरला नाहीं. एरवीं सी किंवा तत्सम भाषेंत लिहिणाराला या वहीची वार्ताहि नसते. कंपायलर ती मुकाट्यानें लिहितो. परंतु जेथें माणूस कंपायलरला बाजूला सारून यंत्राच्या अगदीं जवळच्या असेम्ब्ली भाषेंत स्वतःच्या हातानें एकेक आज्ञा लिहितो, तेथें हीं टिपणेंहि त्यानेंच लिहावीं लागतात.

‘या युगांत हातानें कोण लिहितो?’ असें वाचक विचारतील. पुष्कळ जण लिहितात. ग्नू सी ग्रंथालयांत स्मृतींतील मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेणारें कार्य असेंच लिहिलेलें आहे. गुप्तलेखनाच्या ग्रंथालयांचे गाभे असे आहेत. एव्ही-१ पद्धतीचीं चलच्चित्रें उलगडणारी ‘डेव्हिड’ नांवाची आज्ञावली पाहिली, तर तिच्यांत असेम्ब्लीच्या ओळी सी भाषेंतील ओळींहून कितीतरी अधिक भरतील. लिनक्सच्या गाभ्यांत ज्या दारानें प्रत्येक विनंती आंत शिरते, तो उंबरठाहि हातानेंच घडविलेला आहे. कोठें वेग हवा असतो, तर कोठें करावयाचें काम वरच्या भाषेंत सांगतांच येत नाहीं.

आतां या टिपणांचा एक विलक्षण गुण सांगतों, आणि माझ्या या लेखाचा सारा विषय त्या गुणांत आहे. यंत्र हीं टिपणें पाळीत नाहीं. तें आज्ञा पाळतें. आज्ञा बरोबर असल्या म्हणजे टिपण खोटें असलें तरी कार्य सुरळीत चालतें, उत्तर बरोबर येतें, परीक्षा उत्तीर्ण होतात. प्रथमदर्शनीं आपल्याला येथें अभिमन्यु आठवतो. पण तो दाखला लागू पडत नाहीं. अभिमन्यूला बाहेर पडण्याची विद्या ठाऊक नव्हती. येथें आंत शिरलेल्या कार्याला बाहेरची वाट पक्की ठाऊक आहे आणि तें रोज त्या वाटेनें सुखरूप बाहेर येतें. टिपण त्याच्यासाठीं नाहींच. तें आहे तिसऱ्यासाठीं : जो वाटेंत मध्येंच कांहीं घात झाल्यावर मागाहून येईल, आणि ज्याला पडलेल्याच्या खुणांवरून त्याचा मार्ग शोधावा लागेल.

माझा एक जुना विद्यार्थी एका संगणक-कंपनींत काम करतो. तेथें एक आज्ञावली अधूनमधून कोसळत असे. असें तीनदां झालें, आणि तिन्ही वेळां पंचनाम्यांत एकाच कार्याचें नांव निघालें. तें कार्य त्याच्या हाताखालच्या एका नवख्या मुलीनें लिहिलेलें होतें. तिनें आपली ओळन्‌ओळ पुन्हां पुन्हां तपासली, दोष सांपडेना. दोष सांपडत नाहीं याचा अर्थ वरिष्ठांनीं असा केला कीं, तिला तो सांपडवितां येत नाहीं. लेखी पुरावा तिच्या विरुद्ध होता, आणि तो यंत्रानें दिलेला होता. यंत्राला कोणाविषयीं आकस असण्याचें कारण नाहीं, हें तर सर्वांनाच मान्य.

माझ्या विद्यार्थ्याला शंका आली ती निराळ्याच जागेची. पंचनाम्याची सांखळी एका हातानें लिहिलेल्या कार्यातून जात होती. त्यानें डीबगर घेतला आणि तें कार्य एकेक आज्ञा करून चालविलें. एक आज्ञा चालवावयाची, थांबावयाचें, आणि विचारावयाचें, ‘आतां सांग, तूं कोठून आलास?’ पुन्हां एक आज्ञा, पुन्हां तोच प्रश्न. पोलिसी उलटतपासणीहून हें काम अधिक कंटाळवाणें आहे. सुरुवातीला उत्तरें बरोबर येत गेलीं. प्रवेशाच्या वेळीं अंतर ८ बाइटांचें. एक रजिस्टर जपून ठेवल्यावर १६. खरडकामासाठीं ३२ बाइट जागा राखल्यावर ४८. टिपणांत हे तिन्ही आंकडे चोख होते. पुढें कार्याला दोन वाटा फुटत होत्या. दिलेल्या सामग्रींत कांहींच नसेल तर करण्यासारखें कांहीं नाहीं, लागलेंच परत फिरावें, ही आंखूड वाट; तिच्यांत राखलेली जागा सोडली कीं अंतर १६, रजिस्टर परत केलें कीं ८, आणि मग घरीं. या परतीच्या ओळीखालीं लांब वाट लिहिलेली होती. त्या वाटेवरची पहिली आज्ञा चालली मात्र, आणि उत्तर एकदम भलतेंच आलें.

कारण साधें होतें. आज्ञा उडी मारून जातात. टिपणें मात्र लिहिल्या क्रमानें वाचलीं जातात. लांब वाटेवर येणारा वरूनच उडी घेऊन आलेला असतो, तेव्हां त्याच्या उतरंडींत अजून ४८ बाइट आहेत. टिपणांत मात्र त्याच्या वरच्या ओळीवर ८ असा शेवटचा आंकडा आहे, आणि तो कोणी बदललेला नाहीं. म्हणून वाचणारा ८ धरून चालतो. चाळीस बाइटांची तफावत! परतीचा पत्ता म्हणून तो जेथें हात घालतो ती नुकतीच राखलेली, अजून न वापरलेली खरडीची जागा असते. आणि तेथें काय असतें? आधींच्या कोणा कार्याचें उष्टें. पंगत उठून गेली, पण पत्रावळी उचलल्या नाहींत, असा हा प्रकार. त्या मुलीचें कार्य तेथें थोडा वेळ आधीं येऊन, आपलें काम नीट करून केव्हांच निघून गेलें होतें. त्याच्या कामाच्या वेळचा एक जुना पत्ता त्या जागीं पडून राहिला होता. वाचणारानें तोच उचलला आणि तिच्या माथीं खून मारला.

दुरुस्ती दोन ओळींची. आंखूड वाट सुरू होण्यापूर्वीं ‘ही स्थिति ध्यानांत ठेव’ असें एक टिपण, आणि ती वाट संपल्यावर ‘ती स्थिति पुन्हां धर’ असें दुसरें. असे दोन संकेत ड्वार्फची वही लिहिणारांच्या सोयीसाठीं योजलेलेच आहेत. एकहि आज्ञा बदलली नाहीं. यंत्र पूर्वीं जें करीत होतें तेंच, तितक्याच वेळांत, पुढेंहि करीत राहिलें.

मे महिन्याच्या सुट्टींत तो मला भेटावयास आला होता, तेव्हां त्यानें हें सारें कागदावर आंकडे मांडून मला समजावून दिलें. पण तो आला होता तो निराळ्याच अडचणींत. वर्षभरांत आपण काय केलें याचा तक्ता त्याला कंपनीला भरून द्यावयाचा होता.

“सर, वेग वाढला नाहीं, नवें कांहीं झालें नाहीं, एक आज्ञा बदलली नाहीं. मग तीन आठवडे मीं केलें तरी काय, असें ते विचारतील.”

“त्या मुलीचें पुढें काय झालें?” मीं विचारलें.

“पुढच्या वेळीं कोसळलें तेव्हां खरें नांव निघालें. तिच्यावरचा ठपका गेला.”

“मग तेंच लिही.”

तो हंसला. “त्याला रकाना नाहीं, सर.”

त्याचें हें वाक्य माझ्या मनांतून बरेच दिवस जाईना. ज्या कामाचें फळ, कांहीं वाईट घडलें तरच आणि तेव्हांच दिसतें, त्या कामाला जगाच्या तक्त्यांत रकाना नसतो, ही तक्रार नवी नव्हे. विहिरीचा गाळ काढणाराला ती ठाऊक आहे, रुळांवरचे बोल्ट पारखीत चालणाऱ्या गँगमनला ठाऊक आहे. परंतु येथें तिला आणखी एक पदर आहे. गँगमन चुकला तर निदान गाडी घसरते. दोष ज्याचा त्याला चिकटतो. खोट्या टिपणामुळें गाडी घसरत नाहीं. ती दुसऱ्याच कारणानें घसरते, आणि टिपण भलत्याच माणसाकडे बोट दाखवितें. म्हणून चुकीचें टिपण म्हणजे केवळ अपुरें काम नव्हे. ती खोटी साक्ष आहे. आणि ती देणारा साक्षीदार कोर्टांत येण्यापूर्वीं वर्षानुवर्षें अत्यंत सभ्य गृहस्थ म्हणून गणला गेलेला असतो.

तो गेल्यावर मला माझ्या वडिलांच्या वहीची आठवण झाली. वडील मोठे टापटिपीचे गृहस्थ. निळ्या पुठ्ठ्याची एक वही त्यांनीं करून ठेविली होती आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत ‘माझ्या पश्चात्’ असें लिहिलें होतें. बँकेचीं खातीं, पोस्टांतील ठेवी, विम्याचे कागद, कपाटाच्या किल्ल्या, कोणाचें देणें आणि कोणाकडून येणें, सारें क्रमवार. ते गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं भावंडांनीं ती उघडली. पहिलें खातें बंद झालेलें निघालें. दुसऱ्या पानावर ज्या कपाटाच्या किल्लीची जागा दिली होती, तें कपाट कित्येक वर्षांपूर्वीं धाकट्या आत्याच्या घरीं गेलें होतें. एका मुदतीच्या ठेवीचा वहींत उल्लेखच नव्हता. ती आम्हांला पुढें आठ महिन्यांनीं, बँकेचें पत्र आलें तेव्हां, कळली. मधल्या काळांत ‘तूं वडिलांच्या जवळ होतास, तुला ठाऊक असणार’ असें एक वाक्य घरांत बोललें गेलें. तें माझ्या धाकट्या भावाला उद्देशून होतें. तो बिचारा निर्दोष होता.

मी त्या वहीवर पुष्कळ विचार केला आहे. लिहिली त्या दिवशीं तिच्यांतील प्रत्येक ओळ खरी होती. वडिलांनीं खातें बंद केलें तें योग्यच केलें. कपाट दिलें तेंहि योग्यच. व्यवहार सारा चोख. फक्त व्यवहार पुढें चालत गेला आणि वही जागच्या जागीं राहिली. आज्ञा बदलली आणि टिपण बदललें नाहीं, याहून त्यांत दुसरें कांहीं नव्हतें. आणि हें कोणाच्या आळशीपणाचें फळ नव्हे. रोजचें जीवन आपल्या कृतीची परीक्षा रोज घेतें. दुधाचा हिशेब चुकला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं गवळी सांगतो. टिपणाची परीक्षा मात्र एकदांच होते, आणि त्या वेळीं लिहिणारा हजर नसतो. ज्या सत्याची परीक्षा होत नाहीं, तें फार दिवस सत्य राहत नाहीं. त्याला कोणी बिघडवावें लागत नाहीं, सभोंवतालचें जग हललें म्हणजे पुरे.

मग करावें काय? या प्रश्नाला संगणकाच्या जगांत तीन उत्तरें दिलीं गेलीं आहेत, आणि तिन्ही विचार करण्यासारखीं आहेत.

पहिलें उत्तर लिनक्सच्या मंडळींनीं दिलें. त्यांच्या गाभ्यांतील असेम्ब्लीच्या फायली अशा हातच्या टिपणांनीं गजबजून गेल्या होत्या. मूळ आज्ञा वाचावयास जावें तर टिपणांच्या गर्दींत त्या दिसेनात, आणि टिपणें खरीं कीं खोटीं हें तपासण्याचें साधन कोणापाशीं नाहीं. २०१५ सालीं इंगो मोल्नार यानें तीं जवळजवळ सरसकट काढून टाकलीं, आणि त्या वर्षीं निघालेली ४.२ ही आवृत्ति त्यांच्यावांचून निघाली. हें ऐकतांना कठोर वाटतें. पण विचार केला म्हणजे त्यांतला प्रामाणिकपणा पटतो. वाटाड्या नसला तर वाटसरू विचारीत विचारीत, जपून पाऊल टाकतो. खोटा वाटाड्या मिळाला तर तो निःशंकपणें दरींत जातो.

दुसरें उत्तरहि तेथेंच, पुढील दोन वर्षांत, तयार झालें. जॉश पॉइमबोफ यानें एक साधन रचलें. २०१६ सालच्या ४.६ या आवृत्तींत तें प्रथम आलें. तें माणसाचें टिपण वाचीत नाहीं. तयार झालेल्या यंत्राज्ञाच एकामागून एक वाचतें, उड्यांचा माग काढतें, आणि कोणत्या जागीं उतरंड किती उंच आहे हें स्वतः ठरवितें. त्यावरून तयार होणारी नवी, सुटसुटीत वही २०१७ सालच्या ४.१४ या आवृत्तींत आली. तिचें नांव ‘ऑर्क’. परीकथांत ऑर्क हे एल्फ आणि ड्वार्फ या दोघांचेहि वैरी, एवढें सांगितलें म्हणजे नांव ठेवणारांची मनोवृत्ति ध्यानांत येईल. येथें वही आणि व्यवहार यांत अंतर पडूं शकत नाहीं. कारण वही व्यवहारांतूनच निघते.

तिसरें उत्तर गूगलच्या ‘बोरिंग-एसएसएल’ या गुप्तलेखन-ग्रंथालयाचें. टिपणें माणसानेंच लिहावींत, परंतु परीक्षेच्या वेळीं यंत्रानें कार्य एकेक आज्ञा करून चालवावें, प्रत्येक आज्ञेवर थांबावें, उतरंड उलगडून पाहावी आणि उत्तर बरोबर येतें कीं नाहीं तें पडताळावें. माझ्या विद्यार्थ्यानें तीन आठवडे हातानें जें केलें, तेंच काम येथें नित्याचा परिपाठ म्हणून होतें. आज कोणी आज्ञेंत फेरफार केला आणि टिपण तसेंच ठेवलें, तर तें संकटाच्या दिवसाची वाट न पाहतां आजच उघडकीस येतें.

या तिहींतलें कोणतें श्रेष्ठ, असा वाद मी घालणार नाहीं. प्रसंग पाहून निवड करावी. वही काढून टाकणें हें जेथें तिच्यावांचून अडत नाहीं तेथेंच शक्य. ज्या भाषांत संकटप्रसंगीं वही वाचूनच वाट काढावी लागते, तेथें ती काढून चालणार नाहीं. व्यवहारांतूनच वही निघेल तर सोन्याहून पिवळें. आणि जेथें हातानेंच लिहावयाचें तेथें लिहिण्याचें श्रेय मानूं नये, पडताळण्याचें मानावें.

घरांत मीं तिसरें उत्तर पत्करलें आहे. वडिलांनंतर मींहि तशी वही केली. दिवाळीच्या सुट्टींत एक सकाळ तिच्यासाठीं राखलेली असते. त्या सकाळीं मी वही वाचीत नाहीं. ती पत्नीच्या हातीं देतों आणि खुर्चींत गप्प बसतों. वाचणारा स्वतःच्या आठवणीनें गाळलेल्या जागा भरीत जातो, आणि सारें बरोबर आहे असें त्याला वाटतें. चालून पाहणाराला मात्र थांबावें लागतें. ती पहिली ओळ वाचते, उठते, किल्ली काढते, कुलूप उघडते, कागद हातांत घेऊन आंकडा जुळवून पाहते, आणि मगच दुसऱ्या ओळीकडे वळते. पहिल्या वर्षीं मी न राहवून मध्येंच ‘ती किल्ली नव्हे, शेजारची’ असें म्हणूं लागलों, तेव्हां तिनें मला थांबविलें. “अहो, मध्यें बोलूं नका. तुम्ही नाहीं आहांत असें धरूनच हें चाललें आहे ना?” एवढें बोलून ती स्वतःच क्षणभर थबकली, मग तिनें तेथें पेन्सिलीनें एक खूण केली आणि ती पुढील ओळ वाचूं लागली.

ऑर्कच्या त्या हुशार साधनाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. तें बहुतेक साऱ्या वाटा स्वतः शोधतें, तरी लिनक्सच्या गाभ्यांत आजहि कांहीं मोजक्या जागा अशा आहेत कीं, जेथें त्याला माणसाचा हात धरावा लागतो. व्यत्यय आला म्हणजे गाभ्याच्या उंबरठ्यावर एक उतरंड सोडून दुसरी धरावी लागते. तेथें आज्ञा वाचून वाट कळत नाहीं, कारण ती वाट आज्ञांत नसते, लिहिणाराच्या हेतूंत असते. अशा जागीं हातानें लिहिलेली एक सूचना असते आणि साधन तिच्यावर विश्वास ठेवून पुढें जातें. टिपणांचें सारें जंगल तोडून झाल्यावरहि तेवढ्या ओळी उरल्या, त्या यंत्राच्या उणेपणामुळें उरल्या असें मला वाटत नाहीं. माणसानें स्वतःच्या बुद्धीनें घेतलेलें वळण त्याचें त्यानेंच सांगावें लागतें. तें थोडक्यांत सांगावें, घेतल्या क्षणीं सांगावें, आणि दुसऱ्याच्या पायांनीं एकदां चालवून पाहावें; कारण ती ओळ खऱ्या अर्थानें वाचली जाईल तेव्हां ‘हें असें कां?’ म्हणून विचारावयाला आपण जवळ असूं, अशी खात्री कोणालाहि देतां येत नाहीं.